घोंगडं घेताना: हाताचं कुठलं, मशीनचं कुठलं

विट्यात माझं चादरी-ब्लँकेटांचं दुकान आहे. पुढच्या मांडणीवर सोलापुरी चादरी नि पानिपतची ब्लँकेटं, आत कोपऱ्यात घोंगडी. दुकान वडिलांनी काढलेलं. आजोळ मात्र म्हसवडचं, सणगराचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. विकणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या, दोन्ही घरचं मीठ खाल्लंय. त्यामुळं मी आता हाताच्या मालाची आरती ओवाळणार असं वाटत असेल तर तसं काही नाही. माझ्याकडं येणाऱ्या दहातली आठ गिऱ्हाइकं मशीनचंच नेतात आणि त्यातल्या निम्म्यांना मीच सांगतो, तुमच्या कामाला हेच बरं.

भांडण मशीनशी नाहीच. मशीनचं घोंगडं हाताचं म्हणून हाताच्या भावात गळ्यात मारतात, त्याच्याशी आहे. आणि त्यात मीही एकदा होतो.

काही वर्षांपूर्वी खरसुंडीच्या चैत्री यात्रेसाठी एका घाऊक व्यापाऱ्याकडून चाळीस घोंगडी उचलली, हातमागाची म्हणून. भाव जरा कमी होता. तिथंच शंका यायला हवी होती. गडबडीत वरचा एक नग उलगडला, वास घेतला, ठीक वाटला आणि गठ्ठे गाडीत टाकले. यात्रेत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे मेंढके पालात आले. पांढरं धोतर, पांढरी बंडी आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शाई सांडल्यासारखे काळे ओघळ. घोंगडं माझ्यापुढं ठेवलं नि म्हणाले, "शेठ, पोरानं कवतिकानं आणलंय तुमच्याकडनं. सत्तर वरसं मेंढरात काढली, मेंढीनं रंग सोडल्याला पयल्यांदाच बघितला. कुठली म्हणायची ही मेंढी?"

शेजारचे पालवाले हसले. मी पैसे परत केले, वर धोतराचे देऊ लागलो. आबांनी ते घेतले नाहीत. "धोतर निघंल धुऊन," म्हणाले आणि गेले. त्या दुपारी गठ्ठ्यातला एकेक नग उलगडून बघितला. वरचे तीन खरे, खालचे सगळे काळ्या रंगात बुडवलेले. सणगराचा भाचा आणि हे मला कळलं नाही. त्या यात्रेनंतर मामाकडं दोन दिवस राहून नव्यानं शिकून आलो, ते इथं लिहितोय.

आधी कशाला पाहिजे ते ठरवा

पोरगं पुण्याला होस्टेलवर चाललंय, वॉशिंग मशीनमध्ये धुणार, दोन वर्षांनी कुणाला तरी देऊन टाकणार? मशीनचं ब्लँकेट घ्या. सोफ्यावर शोभेला टाकायचंय? तेच घ्या. सभेत पुढाऱ्याच्या खांद्यावर घालायला लोक घोंगडी-काठी नेतात, त्यांना तर मी हाताचं दाखवतही नाही. दहा मिनिटांत ते मागच्या गाडीच्या डिकीत जाणार असतं.

पण तुम्ही जमिनीवर झोपत असाल, रात्रीच्या लाईटला उसात दारं धरायला जात असाल, वारीला चालत असाल, शेळ्या-मेंढ्या राखत असाल, किंवा घरात एखादं म्हातारं माणूस असेल ज्याला गादीवर झोप लागत नाही, तर पुढचं वाचा. कोयनेच्या खोऱ्यातली, पाटणकडची माणसं अजून पावसात डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतात. त्या माणसांना मशीनचं दिलं तर पहिल्याच आषाढात ते माझ्या दुकानाची वाट विसरतील.

हाताच्या घोंगड्यात असतं काय

ओळखायच्या सगळ्या खुणा ते कसं बनतं त्यातूनच निघतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुतेक काळी. वर्षातून दोनदा कातरतात. एका वेळी एका मेंढीची लोकर निघते पाव किलोच्या आसपास. म्हणजे एका घोंगड्याला आठ-दहा मेंढ्या लागतात. मामाला पावसाळा सरल्यावरची कातरण पसंत असायची, कारण ओढ्याला पाणी असतं आणि कातरायच्या आधी मेंढरं धुवून काढता येतात. उन्हाळ्यातल्या लोकरीत माती नि कुसळं इतकी, की पिंजताना मामी नाकाला पदर बांधून बसायची. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळाची. त्या केसांची टोकं कधी कापलेली नसतात, निमुळती असतात, म्हणून टोचत नाहीत. जावळाचं घोंगडं महाग का, तर कोकराला जावळ आयुष्यात एकदाच असतं.

पिंजलेल्या लोकरीचं सूत मामी रहाटावर काढायची. घरचं सगळं आवरून, दुपारी आणि रात्री. एका घोंगड्याचं सूत व्हायला तिला आठ-दहा दिवस लागायचे. मग ताणा, म्हणजे घोंगड्याचे उभे धागे. पहाटे गल्लीतच ताणा पसरायचा आणि चिंचोके भिजवून, वाटून, शिजवलेली खळ मोठ्या कुंच्यानं त्याला लावायची. हे ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, नाहीतर खळ अर्धी लागते नि अर्धी वाळते. लहानपणी आम्ही भाचरं सुट्टीत गेलो की चिंचोके गोळा करायचं काम आमच्याकडं. मामा शेराला दहा पैसे द्यायचा आणि मोजताना कायम चार चिंचोके जास्तीचे घ्यायचा.

खळ लावायची कारण हाताच्या सुताला पीळ कमी असतो, केस बाहेर डोकावतात. मागावर शेजारचे धागे त्यात गुंतले की तटातट तुटतात. खळीनं केस दबून बसतात, धागा गुळगुळीत होतो. त्यानंतर खड्ड्याच्या मागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर, विणायला दोन-तीन दिवस.

आता इथं विट्यात बघा. गावभर यंत्रमागांचा खडखडाट. यंत्रमाग ताणा करकचून ओढतो नि मिनिटाला हाताच्या कितीतरी पट धागे टाकतो. मामीचं ते सैल सूत त्याच्यावर चढवलं तर चहा पिऊन येईपर्यंत निम्मा ताणा तुटलेला असेल. म्हणून कारखान्याला सूतच वेगळं लागतं: घट्ट पिळाचं, एकसारखं, बहुतेक वेळा ॲक्रिलिकची मिसळ केलेलं. पानिपतला जुने स्वेटर-कोट फाडून, चिंधाटून त्याच्यापासून पुन्हा सूत काढायचा मोठा धंदा आहे. त्या सुताला शॉडी म्हणतात. लोकरीच्या कपड्यांची असेल तर तीही लोकरच, पण फाडताना केसाचे तुकडे झालेले असतात.

ऊब हवेची असते. सैल पिळाच्या सुतात हवा अडकून बसते आणि ती थंडी आत येऊ देत नाही. घट्ट पिळात हवेला जागा नाही, तुकड्यांच्या सुतात ती टिकत नाही. लांबून दोन्ही घोंगडी काळी, दोन्हीला पांढरा काठ, दोन्हीला दशा, म्हणजे टोकाला मोकळे सोडलेले धागे. अंगावर घेतलं की एक घोंगडं आणि दुसरं घोंगड्याचा फोटो.

ओळखायचं कसं

दुकानदाराला नग पूर्ण उलगडायला सांगा. घडीवरून घेऊ नका. कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा. आणि एक नग बघून बाकीचे चांगले समजू नका, तो धडा मी चाळीस नगांचे पैसे देऊन शिकलोय.

उन्हात न्या. ट्यूबलाईटखाली सगळंच काळं दिसतं. काळ्या मेंढीची लोकर उन्हात ठार काळी दिसत नाही. मेंढी वर्षभर उन्हात हिंडते, केसांची टोकं करपून तांबूस होतात. घोंगड्यात ती तांबूस झाक कुठं जास्त, कुठं कमी दिसते. मधूनच एखादा पांढरा किंवा करडा केस असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत शाळेच्या फळ्यासारखं काळं असेल तर ते रंगवलेलं. याच उन्हात एक धागा डोळ्याजवळ धरा. शॉडी असेल तर काळ्यात लाल, निळे, हिरवे बारीक केस सापडतात. कुणाच्या तरी स्वेटरचे ते.

मग दशांतला एक धागा मागून घ्या आणि पीळ उलटा फिरवून उकला. हाताच्या सुतातले केस लांब निघतात, बोटाच्या दोन पेरांएवढे तरी. हळूहळू ओढले तर एकमेकांवरून सरकत सुटतात. शॉडी उकलताच त्याचा भुगा होतो. ही परीक्षा सगळ्यात भरवशाची आणि हिला दुकानदार घाबरतात.

काडी लावून बघायची पद्धत पुष्कळांना ठाऊक आहे. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि काळी राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा कडक मणी होतो. मात्र ही परीक्षा ॲक्रिलिकपुरतीच. लोकरीची शॉडी हिच्यात झकास पास होते, कारण जळायला तीही लोकरच आहे. "बघा, जाळून दाखवतो" असं म्हणत जो दुकानदार आपणहून काडी काढतो, त्याच्याकडं मी जरा जास्त लक्ष देतो.

पांढरा रुमाल ओला करून, पिळून घोंगड्यावर जोरात घासा. रुमाल मळला तर चालेल, मातकट-पिवळट होणारच, मेंढीच आहे ती. काळा झाला तर नको. खरसुंडीला जाण्याआधी मी एवढं केलं असतं तरी धोतर वाचलं असतं.

काठ बघा. हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा या हातातून त्या हातात जातो आणि तो धागा काठावरून वळून परत येतो, म्हणून काठ बंद असतो. जरा नागमोडीही असतो. काठावर ओव्हरलॉकची शिलाई दिसली तर ते मोठ्या थानातून कापलेलं आहे. रुंदीवरूनही समजतं. धोटा हातानं टाकायचा नि झेलायचा तर पन्ना माणसाच्या कवेबाहेर जात नाही. आमच्याकडं साधारण चार फूट रुंद, आठ-नऊ फूट लांब असा नग असतो, वजन दोन-अडीच किलो. डबल बेडच्या मापाचं सलग, बिनजोडाचं घोंगडं कुणी जुन्या खड्ड्याच्या मागावरचं म्हणून दाखवलं तर हसा नि पुढं चला. मोठं हवं असेल तर दोन पाट जोडून शिवतात आणि तो जोड लपत नाही.

एक इंच जागेत आडवे धागे किती ते तीन ठिकाणी मोजा. हाताच्या नगात तिन्ही आकडे एकसारखे आले तर मलाच नवल वाटेल. विणकर सकाळी ताजा असतो, दुपारी धागा ठोकून बसवायच्या हत्याचा ठोका सैल पडतो, मध्येच कुणी पाहुणा येतो. मामाच्या घोंगड्यात मामी कधी रागावली होती ते काढता येतं, असं आमच्यात गमतीनं म्हणायचे, कारण त्या दिवशीचं सूत जाड-बारीक यायचं.

शेवटी हात. नवं हाताचं घोंगडं कडक लागतं, खळीमुळं. गिऱ्हाईक इथंच फसतं. मशीनच्या नगावर तारांचे रूळ फिरवून लव वर काढलेली असते, ते पहिल्या स्पर्शाला मऊ आणि गुबगुबीत. हाताचं पहिल्या दिवशी वाईट असतं आणि रोज सुधारत जातं. मशीनच्याची लव सहा महिन्यांत झडते आणि खालची जाळी दिसायला लागते. दुकानातच ते उजेडासमोर धरलंत तर ती आजच दिसेल.

वास सगळ्यात शेवटी घ्या, कारण वास फसवतो. मेंढीचा उग्र वास हाताच्या घोंगड्याला असतोच, त्याला नाक मुरडू नका. पण चार खरी घोंगडी गठ्ठ्यात घातली की बाकीच्यांनाही तो लागतो. माझं तसंच झालं.

भाव

गिऱ्हाईक विचारतं, मशीनचं पाचशे-सहाशेला मिळतं, हे तीन हजारांना का? मी त्याला पाटीवर हिशेब मांडून दाखवतो. दहा मेंढ्यांची लोकर. कातरणाऱ्याची मजुरी. सुताचे दहा दिवस. खळीचा एक दिवस, त्यात घरातली तीन-चार माणसं. विणायचे तीन दिवस. लोकर, कातरणी आणि माझी दलाली बाजूला काढली, तर उरलेले पैसे चौदा दिवसांत वाटून बघा. सूत काढणारी बाई शेजारच्या रानात खुरपायला गेली तरी तिला याहून जास्त हजेरी मिळते. म्हणून घासाघीस करायची तर माझ्याशी करा, माझ्या नफ्यात थोडी जागा असते. विणकराच्या दारात करू नका.

उलट, हाताचं म्हणून हजार-बाराशेत कुणी देत असेल तर एवढा एकच प्रश्न विचारा: सूत कुणी काढलं? पुष्कळ ठिकाणी आता ताणा गिरणीच्या सुताचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढा हाताचा असतो. त्यात लबाडी नाही, सांगून विकलं तर चांगला माल आहे, भाव मधला पडतो. न सांगता विकलं तर लबाडी.

लोकरीचंही सांगितलं पाहिजे. मेंढपाळाचा पैसा आता मटणात आणि रानात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या खतात आहे. जतकडची माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, बाजारात उठून दिसणारी, पण लोकर नावाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेली नारी सुवर्णा मेंढी लोकांना हवी ती जुळी कोकरं देते म्हणून. यात मेंढपाळाचं काही चुकत नाही. लोकरीच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा भागत नाही, म्हणून पुष्कळजण कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. तिकडं लोकर कुजते आणि इकडं मामेभावाला चांगल्या काळ्या लोकरीसाठी चार वाड्या फिरावं लागतं, असा उलटा कारभार चाललाय.

कायदा हातमागाच्या बाजूनं आहे, निदान कागदावर. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. त्या यादीत आता ११ वस्तू आहेत आणि कांबळं त्यांतलं एक. २००६ साली सरकारनं हॅण्डलूम मार्क आणला, तो शिक्का असेल तर चांगलंच. पण मामाच्या एकाही नगावर तो कधी नव्हता. तेव्हा शिक्का नाही म्हणून खरं घोंगडं परत ठेवू नका.

कुठून आणि कधी

जमलं तर म्हसवडला जा. सिद्धनाथाचं दर्शन होतं, माणगंगा बघता येते (पाणी असेल तर), आणि चौकशी केली की माग चालू असलेलं घर कुणीही दाखवतं. मार्गशीर्षात रथाच्या यात्रेला माल भरपूर असतो, पण त्यात बाहेरचाही मिसळलेला असतो. मी म्हणेन, यात्रेच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला जा. पसंत पडलं तर लगेच उचलायची घाई नको. आपलं माप, काठाचा रंग, सूत जाड की बारीक हे सांगून थोडी उचल द्या आणि महिनाभरानं या. उंच माणसाला पाय उघडे न राहणारं घोंगडं कुठल्या कारखान्यात मिळत नाही, इथं एक हात लांबी वाढवून मिळते.

विकणारा कंबरदुखी, रक्तदाब, मणक्याची गादी, झोप असलं सगळं बरं होतं म्हणायला लागला तर कान बंद करा. घोंगडं पांघरूण-अंथरूण आहे, वैद्य नाही. माझ्या दुकानात तसलं लिहिलेला बोर्ड लावा म्हणून एकानं छापून आणून दिला होता. मी तो उलटा करून मागच्या बाजूला "उधार बंद" लिहिलं.

घरी आणल्यावर

पहिला महिना ते खाली अंथरा, पांघरू नका. झोपता-बसता खळ मोडते, सूत मोकळं होतं. ज्यांना टोचतं त्यांनी वर जुनं धुवट लुगडं किंवा धोतर घालावं. तान्ह्या बाळाच्या अंगाशी जावळाचंसुद्धा थेट नको, मध्ये सुती कापड हवंच.

पावसात न्यायचं असेल तर बिनधास्त न्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय मेंढीच्या अंगचं तेल थोडं राहिलेलं असतं, त्यावरून पाणी ओघळतं. म्हणून तर सारखं धुवायचं नाही. साबणानं तेल गेलं की घोंगडं पाणी प्यायला लागतं. आमच्या घरी वर्षातून एकदा, फार तर दोनदा धुतात. गार पाणी आणि रिठा. गरम पाण्यात घातलंत तर केस एकमेकांत अडकून बसतात आणि चार फुटांचं घोंगडं साडेतीन फुटांचं नि पुठ्ठ्यासारखं होऊन निघतं. मशीनमध्ये घालू नका, दगडावर आपटू नका, पिळू नका. दाबून पाणी काढा आणि सपाट पसरा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनानं ओघळून लांबट होतं.

आणि धुवायला वैशाखातला कडक दिवस बघा, सकाळी लवकर लागा. "भिजत घोंगडं" म्हणजे काय हे मला आमच्या धाकट्या सुनेमुळं नीट समजलं. बिचारीनं श्रावणात हौसेनं धुतलं. नऊ दिवस ते वाळलं नाही. ओसरीवरून माळ्यावर, माळ्यावरून फॅनखाली, आणि घरभर असा वास की मेंढ्यांचा वाडा सोप्यात बसवलाय. तिला कुणी काही बोललं नाही, पण दहाव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच गच्चीवर पळाली.

खरा वैरी कसर, म्हणजे लोकर खाणारी अळी. वापरातल्या घोंगड्याला ती लागत नाही, कपाटात घडी घालून ठेवलेल्याला लागते, आणि घाम-खरकटं लागलेलं असेल तर आधी तिथं लागते. म्हणून ठेवण्याआधी स्वच्छ करा, कडक उन्हात दोन्ही बाजू तापवा, काठीनं झोडपा. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, जुन्या सुती चादरीत बांधा. डांबराच्या गोळ्या चालतात, त्या थेट लोकरीवर न ठेवता फडक्याच्या पुरचुंडीत ठेवाव्यात. आणि दर दोन महिन्यांनी उलगडून झटका. स्वच्छ न करता तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर्षभर विसरलात तर उघडताना चाळण निघेल.

भोक पडलं तर टाकून देऊ नका. मशीनचं ब्लँकेट एका ठिकाणी फाटलं की तिथून उसवत जातं. हाताच्या घोंगड्याचे केस वापरून वापरून एकमेकांत बसलेले असतात, भोक आहे तेवढंच राहतं आणि सुईनं भरता येतं. फक्त त्याला त्याच लोकरीचं सूत पाहिजे, दुसरं घातलं तर ठिगळ डोळ्यांत भरतं. म्हणून विणकराकडून घेताना त्याच सुताचा लिंबाएवढा गुंडा मागून घ्या. पैसे पडत नाहीत. दुकानातून घेताय तर दुकानदाराला मागा. माझ्या गल्ल्याखालच्या खणात प्रत्येक नगाचा गुंडा चिठ्ठी बांधून ठेवलेला असतो. ज्या घोंगड्याचा गुंडा दुकानदाराला देता येत नाही, ते कुठून आलं हे त्याला ठाऊक नसतं.